आरोग्य खातं रिकामं आहे

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१९ सप्टेंबर २०२५

माननीय मनोहर,
पक्षप्रमुख, शिस्त पक्ष, मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

सरकारी नमस्कार.

कालच्या मंत्रिमंडळ बैठकीत असं ठरलं, की आरोग्य खातं जुलैपासून रिकामं आहे ही बाब आपल्या निदर्शनास आणावी. आघाडीच्या करारानुसार हे खातं शिस्त पक्षाच्या वाट्याचं आहे. तेव्हा नवं नाव आपल्याकडूनच यायला हवं. ते कळवावं, ही विनंती.

सरकारी मजकूर संपला. मंजुषाबाईंनी सांगितला तसा उतरवून घेतला. पंतप्रधान मी असलो तरी सरकार अर्थमंत्रीच चालवतात, हे तुला माहीत आहे.

मनोहर, तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस हे अनयाने सांगितलं, तोवर मी माझाच फोन बिघडला असं समजून दोनदा दुकानात जाऊन आलो. पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

सीनियर सेंटरमध्ये एक नवे गृहस्थ येऊ लागलेत. जगन्नाथ नाव, नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर होते, आता रिटायर होऊन मुलीकडे राहतात. त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? मग मलाच सांगावं लागलं. की पत्ते खेळायला चौथा माणूस मिळेना तेव्हा आम्ही खेळ म्हणून एक देश काढला. साल २१४०. ज्यांचा ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागलाच नाही अशा सगळ्यांनी मिळून अटलांटिकमधल्या एका बेटावर बसवलेला, नाव प्रतीक्षा. निवडणूक झाली, शिस्त पक्ष आणि सवलत पक्ष यांना सारखीच मतं पडली, म्हणून आघाडीचं सरकार. दर गुरुवारी अकरा वाजता बैठक. सवलतवाला मी पंतप्रधान, शिस्तवाला तू उपपंतप्रधान, आणि माझी स्वतःची बायको निवडणुकीच्या दिवशी माहेरच्या पक्षात गेली. जगन्नाथराव खूप हसले. मग त्यांनी विचारलं, "तर मग हेल्थ मिनिस्टर कोण?"

मंजुषाबाईंनी चकलीचा डबा उघडला.

माझं बरं चाललंय. अनया ट्रॉयहून रोज संध्याकाळी फोन करते, बाबा जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. एका ताटासाठी डिशवॉशर लावत नाही, हातानेच घासतो. लोक विचारतात, फार आठवण येते का? मला काय सांगावं ते कळत नाही. काहीच येत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं आहे. पद्मा असती तर म्हणाली असती, भूलच आहे, उतरेल. तिचा धंदाच तो होता.

तुझा कोट आमच्या कपाटात आहे. मार्चपासून.

हेमचंद्र


३ ऑक्टोबर २०२५

मनोहर,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज पेटी उघडून बघत होतो. दुकानांची जाहिरातपत्रकं आली आणि गटार साफ करून देणाऱ्याचं कार्ड आलं.

काल दसरा होता आणि गुरुवारही. जगन्नाथराव म्हणाले, "मी आहे ना डॉक्टर. खातं मला द्या, प्रॉब्लेम सॉल्व्ह." चांगला माणूस आहे, त्यांनी सहज म्हटलं. मी म्हटलं, नाव मनोहरकडून आल्याशिवाय नाही. त्यावर मंजुषाबाईंनी नियम वाचला. तूच घातलेला नियम आहे, शिस्तीचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या गुरुवारपर्यंत तू नाव पाठवायचंस, नाहीतर स्वतः हजर राहून खातं सांभाळायचंस. दोन्ही झालं नाही तर सरकार पडेल.

पडलं तर पुन्हा निवडणूक घ्यायला पाहिजे, आणि तेवढी माणसं आता राहिलेली नाहीत. आम्ही सहाजण उरलोय. म्हणजे सरकार गेलं की गुरुवार गेला. मला गुरुवार पाहिजे आहे, मनोहर. बुधवारी रात्री मी शर्टाला इस्त्री करतो. आठवड्यात तेवढंच एक काम मी कोणी न सांगता करतो.

जगन्नाथरावांनी जुनी विधेयकं चाळली. म्हणाले, "हे एक बिल मार्चपासून पेंडिंग आहे, आरोग्य खात्याचं. काय झालं याचं?" मंजुषाबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

तुलाही आठवत असेल. पद्माने मांडलं होतं, चार ओळींचं. माणूस शुद्धीत असताना 'आता पुरे' म्हणाला, तर डॉक्टरांनी नळ्या घालू नयेत आणि घरच्यांनी त्यावर चर्चा करत बसू नये. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी गंमत. त्याच्या आदल्या आठवड्यात तू डासांवर कर लावला होतास. पण तू टेबलावर हात आपटलास. म्हणालास, "माझ्या देशात कोणी कोणाला असं जाऊ देणार नाही!" ती म्हणाली, "दादा, देश तुझा एकट्याचा नाही, आघाडी आहे." सगळे हसले, तू हसला नाहीस. पाठिंबा काढून घेतो म्हणत बाहेर पडलास, तो कोट विसरूनच.

मग मी सरकार वाचवलं. विधेयक समितीकडे पाठवलं.

घरी येताना गाडीत तिने विचारलं, "समितीत कोण कोण?" मी म्हटलं, "तू, मी आणि मनोहर." ती म्हणाली, "मग बैठक लवकर बोलव." मी बघू म्हटलं. रस्त्यावर बर्फ होतं, माझं लक्ष गाडीत होतं. पुढच्या महिन्यात तू मुलाकडे, नकुलकडे राहायला कॅरीला निघून गेलास. विधेयक अजून समितीतच आहे.

एवढं सांगितल्यावर जगन्नाथरावांनी विधेयकाचा कागद मिटून ठेवला. डॉक्टरच ते, त्यांना पुढचं न सांगता कळलं असावं. आपल्या दोघांना कळलं नव्हतं.

हेमचंद्र


२३ ऑक्टोबर २०२५
भाऊबीज

मनोहर,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. दीपस्तंभाचं चित्र चांगलं आहे. मागे एकच ओळ: "ओवाळणी परत घेत नाहीत." सहीसुद्धा नाही.

आजच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. कोणाला काही कळेना. मंजुषाबाई म्हणाल्या, हे नाव आहे की नकार? मग मला सांगावं लागलं. पहिलं सरकार बनलं तेव्हाचं. खातेवाटप आरोग्य खात्यावर अडून बसलं होतं, मला ते सवलत पक्षाकडे पाहिजे होतं. त्यातच भाऊबीज आली. तू आमच्याकडे जेवायला आलास, पाटावर बसलास, पद्माने ओवाळलं, आणि तू खिसे चाचपायला लागलास. पाकीट घरी राहिलं होतं. ती ताट धरून उभी. तू म्हणालास, "घे, आरोग्य खातं घातलं ताटात." ती म्हणाली, "बजेट किती?" मी श्रीखंड वाढत होतो. पंतप्रधानाला न विचारता खातं गेलं, आणि मी काही बोलू शकलो नाही, कारण भाऊबीज होती.

हे सांगताना सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. मंजुषाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "समजलं. पण नियम नियम आहे."

आज घरी ताट काढलं नाही. निरांजन कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही, तिला माहीत असायचं. रुहीने ट्रॉयहून व्हिडिओ कॉल केला. तिने भावाला ओवाळलं, ते दाखवलं. "आबा, हू डिड आजी डू धिस फॉर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मनोहर आजोबांसाठी." "सो इज ही कमिंग?" अनयाने फोन काढून घेतला.

ज्यांना भाऊ नसतो त्या बहिणी चंद्राला ओवाळतात. बहीण राहिली नाही तर भावाने आजच्या दिवशी काय करायचं, ते काही कोणी ठरवून ठेवलेलं नाही. तू आज काय केलंस?

आता ज्याच्यासाठी बसलोय ते लिहितो. पद्माला तिचा रिपोर्ट फेब्रुवारीत मिळाला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मला तिने एप्रिलमध्ये दाखवला, तू गेल्यावर. म्हणजे मार्चमध्ये ती विधेयक मांडत होती तेव्हा तिला माहीत होतं. घरात विचारता आलं नाही म्हणून तिने मंत्रिमंडळात विचारलं. भावाने टेबल आपटलं आणि नवऱ्याने समिती नेमली.

तुला ती दर रविवारी फोनवर पोटाचा त्रास आहे एवढंच सांगायची, हे मला माहीत होतं. तिने बजावलं होतं म्हणून मी मध्ये पडलो नाही. जुलैत तिला दाखल केलं, श्वास लागायला लागला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? लावला तर थोडे दिवस मिळतील. ती मास्कमधून म्हणाली, "आयुष्यभर मी लोकांच्या घशात नळ्या घातल्यात. मला नको." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती म्हणते तसं करा."

फ्यूनरल होममध्ये तू माझ्याशी एकच वाक्य बोललास: "मला एक फोन करायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "वेळ मिळाला नाही."

ते खोटं होतं. वेळ होता. दुपारभर वेळ होता, तू विमानाने पोचला असतास. का केला नाही ते आज लिहीत नाही. आज भाऊबीज आहे.

हेमचंद्र


७ नोव्हेंबर २०२५

मनोहर,

काल बैठक लवकर संपली. हीटिंग बंद पडलं होतं, सगळे कोट घालून बसले होते. जगन्नाथराव मला गाडीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुमच्या मेहुण्याला फोन का नाही केला, हे त्यांना सांगितलंत का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांशी बोललो. लोक मरणाचं दुःख सोसतात हो. आपल्याला बाहेर ठेवलं, हे नाही सोसवत." मग सीटबेल्ट लावा म्हणाले आणि गेले.

तर सांगतो.

डॉक्टर बाहेर गेल्यावर मी फोन काढला. तुझं नाव काढलं होतं, फक्त दाबायचं बाकी होतं. पद्माने हाताने मास्क बाजूला केला. म्हणाली, "दादाला नको करूस. तो आला की थांब म्हणेल, आणि मी थांबेन. मला त्याला 'नाही' म्हणता येत नाही. मला आता थांबायचं नाहीये, हेमू."

मी फोन खिशात ठेवला.

हे तुला तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तुझा राग त्याच दिवशी निम्मा झाला असता. मी तुझं मन राखायला लपवलं, असं समजू नकोस, मी इतका चांगला नाही. ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नव्हतं म्हणून लपवलं. मी तिच्या उशाशी बसलो होतो. मीही थांब म्हणत होतो, फक्त तोंडाने म्हणत नव्हतो. पन्नास वर्षांचा संसार, माझ्या मनातलं तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तुझ्या शब्दासाठी ती थांबली असती आणि माझ्यासाठी नाही. तू कॅरीत, मी खुर्चीत, तिचा हात माझ्या हातात, आणि थांबायचं झालं तर ते तुझ्यासाठी.

मला तिचा राग आला. गेलेल्या बायकोचा राग येतो, हे कोणाला सांगायचं? आणि तुझा हेवा वाटला. तू ते एक वाक्य ओरडलास, मला दोष दिलास, आणि मी आतून म्हणत होतो, ओरड, तुला काय कमी आहे! तुझ्यासाठी ती थांबणार होती.

इथपर्यंत लिहिलं आणि कागदावर पाणी पडलं. जुलैपासून पहिल्यांदा. शाई थोडी फुटली आहे, वाचता आलं नाही तर माफ कर. भूल उतरतेय बहुधा. फार दुखतंय, मनोहर.

वीस तारखेची बैठक शेवटची. नाव पाठव किंवा पाठवू नकोस. सरकार पडलं तर पडलं. मी आता सरकारसाठी लिहीत नाहीये.

हेमू


कॅरी
१३ नोव्हेंबर

हेमू,

पत्र नकुलने वाचून दाखवायला घेतलं. माझे डोळे आता बारीक अक्षराला चालत नाहीत. तिसऱ्या परिच्छेदाला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि भिंग लावून एकट्याने वाचलं. दोन दिवस लागले. तुझं अक्षर कॉलेजपासून घाणच आहे.

भाऊबीजेला मी काय केलं विचारलंस. दाढी केली. नवा शर्ट घातला. सुनेने विचारलं, बाबा कुठे निघालात? मी म्हटलं कुठे नाही. संध्याकाळपर्यंत तसाच बसून होतो.

आता ऐक. तुला तिचं ते वाक्य लागलं. तू गाढव आहेस. मलाही लागलं, पण उलट्या बाजूने.

तिला मला 'नाही' म्हणता येत नव्हतं, ते मायेमुळे असं तुला वाटतं का? तसं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. अरे, तिला चित्रकलेला जायचं होतं. मी म्हटलं मेडिकलला जा, गेली. मी म्हटलं भूलशास्त्र घे, सर्जरी बायकांना झेपत नाही. घेतलं. मी म्हटलं अमेरिकेला या, आलात. वडील लवकर गेले आणि मी त्यांच्या जागी जाऊन बसलो, आणि मग उठायचं विसरलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा माझी बहीण मला घाबरत होती, हे तुझ्या पत्रातून मला कळलं. विधेयक मांडायला तिला एक देश काढावा लागला, आणि तिथेही मी टेबल आपटलं.

सबंध आयुष्यात तिने मला एकदाच नाही म्हटलं. तुझ्याशी लग्न करू नको, असं मी सांगितलं होतं. होस्टेलवर चार वर्षं तुझं घोरणं ऐकलं होतं, मित्र असलास म्हणून काय झालं. तिने सरळ सांगितलं, "दादा, हे मी ऐकणार नाही." मला धक्का बसला होता. तिच्यात ते बळ तुझ्यामुळे आलं होतं.

आणि दुसऱ्यांदा नाही म्हणायची वेळ आली तेव्हा पुन्हा तिने तुलाच जवळ ठेवलं आणि मला लांब. तुझ्यासमोर तिला पाहिजे ते म्हणता येत होतं. तू 'ती म्हणते तसं करा' म्हणालास. हे तिला साऱ्या जन्मात दुसऱ्या कोणाकडून मिळालं? माझ्याकडून तर नाहीच. तुला माझा हेवा वाटतो म्हणतोस. आता माझं काय होत असेल ते बघ.

तरी फोन करायला पाहिजे होतास, ते मी सोडणार नाही. म्हणून विधेयकाला माझी एक दुरुस्ती आहे. कलम पाच. जो नातेवाईक 'मी थांब म्हणणार नाही' असं कबूल करेल, त्याला बोलवावं आणि आत येऊ द्यावं. त्याने फक्त शेजारी बसावं. मी त्या दुपारी कबूल केलं असतं का? खरं सांगतो, माहीत नाही. पण मला विचारायला पाहिजे होतं.

आरोग्य खातं कोणालाही देऊ नका. त्या डॉक्टरांना सांग, चांगले असतील पण नाही. खातं तिचंच राहील. मी शेजारच्या खुर्चीवर बसून सांभाळेन, नियमात तेवढं बसतं, नियम मीच केलाय. विधेयक तिच्या नावाने मांडायचं. मांडताना तिचं नाव पुरं वाचायचं. मग मी हात वर करेन. तिला हो म्हणायला मला फार उशीर झालाय, पण मी म्हणेन, आणि मंजुषाबाईंना सांग, ते नीट लिहून घ्या.

नकुलने तिकीट काढलंय. बुधवारी दुपारी नेवार्कला उतरतो. न्यायला तू स्वतः ये, अनयाने कोणाला पाठवलं तर मी गाडीत बसणार नाही. आणि माझा कोट घेऊन ये. तुमच्याकडे थंडी पडली असेल.

मनोहर